बाटलीवर दोन ओळी वाढवा: होमिओपॅथीच्या औषधांच्या उगमाबद्दल आयुष मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आयुष मंत्री,
सादर नमस्कार.

बिस्किटाचा पुडा घेताना आपण हिरवा ठिपका पाहतो. होमिओपॅथीच्या दुकानातून हेपर सल्फ 30 ची बाटली घेतली, तर लेबलवर काय सापडते? 'होमिओपॅथिक औषध' हे शब्द, लॅटिन नाव, पोटेन्सी (औषध किती वेळा विरळ केले त्याचा आकडा), कंपनीचे नाव-पत्ता, बॅच नंबर. हे औषध कालवाच्या शिंपल्याचा मधला थर आणि गंधक समभाग घेऊन, बंद मुशीत तापवून केलेले असते, याचा त्यावर मागमूस नसतो. नावात 'सल्फ' दिसते म्हणून शाकाहारी रुग्ण ते खनिज समजून निर्धास्त घेतो. ही माहिती औषधकोशात आहे, कॉलेजच्या पुस्तकात आहे, डॉक्टरांना पाठ आहे. ज्याच्या जिभेवर गोळी जाते त्याच्यापर्यंत तेवढी पोहोचत नाही.

आमची मागणी एवढीच, की लेबलवर दोन ओळी वाढवाव्यात: मूळ पदार्थ कशाचा आणि माध्यम (तो ज्यात मिसळून दिला जातो ते) कशाचे. औषधाने गुण येतो की नाही, हा वाद या पत्रात आणायचा नाही. तो मोठा आहे आणि वेगळा आहे.

नुसती हिरवी (शाकाहारी) किंवा तपकिरी (मांसाहारी) खूण पुरणार नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी मूळ पदार्थ. लायकोपोडियम, ब्रायोनिया, पल्सेटिला, अर्निका या वनस्पती. नॅट्रम म्यूर म्हणजे मीठ. सिलिशिया, सल्फर, काली बायक्रोम ही खनिजे किंवा क्षार. इथवर सरळ आहे. पण रोजच्या वापरातली कितीतरी औषधे प्राणिज आहेत. एपिस मधमाशीपासून, लॅकेसिस सापाच्या विषापासून, कँथारिस एका भुंग्यापासून, स्पाँजिया भाजलेल्या समुद्री स्पंजापासून. सेपिया म्हणजे कोकणात जिला माकुल म्हणतात तिची शाई. दम्यासाठी दिले जाणारे ब्लाट्टा ओरिएंटॅलिस हे झुरळ. कार्बो अ‍ॅनिमॅलिस म्हणजे जाळलेले बैलाचे कातडे. पायरोजेनियम तर कुजवलेल्या गोमांसापासून करतात, आणि ते ज्या घरात जाईल त्या घराला हे कळण्याचा पूर्ण हक्क आहे.

गोंधळ होतो तो सारख्या नावांत. कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यातून येते. कॅल्केरिया फॉस मात्र चुन्याच्या निवळीत फॉस्फोरिक आम्ल घालून करतात, कॅल्केरिया फ्लोर खनिजातून येते. तिन्ही 'कॅल्केरिया', तिघांचा उगम वेगळा. कार्बो व्हेज लाकडी कोळशाचे, कार्बो अ‍ॅनिमॅलिस कातड्याचे. लॅक डिफ्लोरेटम हे गाईचे साय काढलेले दूध, म्हणजे शाकाहारी माणसाला चालेल, व्हीगन (दूधही न घेणाऱ्या) माणसाला नाही. लॅक कॅनिनम हे कुत्रीचे दूध. त्याचे काय, ते ज्याने त्याने ठरवावे. सोरिनमसारखी नोसोड औषधे माणसाच्याच रोगस्रावातून होतात. त्यांना हिरवी खूण लावणार की तपकिरी?

जैन कुटुंबांचा प्रश्न आणखी निराळा. सर्दीत नाक-डोळे गळायला लागले की दिले जाणारे अ‍ॅलियम सेपा म्हणजे लाल कांदा. वनस्पतीच ती, ठिपका हिरवाच पडणार, पण ज्या घरात कांदा शिजत नाही त्या घराला ठिपक्यापेक्षा 'कांदा' हा शब्द वाचायचा असतो.

आता माध्यम. खरी अडचण इथे आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुकानात औषध मुख्यतः चार रूपांत मिळते: द्रव पोटेन्सी, साबुदाण्यासारख्या साखरेच्या गोळ्या, चपट्या टॅब्लेट आणि भुकटी. साखरेच्या गोळ्या आपल्याकडे उसाच्या. आपले साखर कारखाने रस मुख्यतः चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात. हाडांचा कोळसा वापरण्याची परदेशातल्या काही रिफायनऱ्यांतली भानगड इथे सहसा येत नाही. टॅब्लेट आणि भुकटी मात्र लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या. दवाखान्यातल्या पुडीतली 'सॅक लॅक' म्हणजे निव्वळ लॅक्टोज. चीज किंवा पनीर केल्यावर उरणारे पाणी आटवून ते काढतात. चीज करताना दूध फाडायला वासराच्या जठरातले रेनेट वापरले असेल, तर प्रश्न फक्त व्हीगन माणसाचा राहत नाही, शाकाहारी माणसाचाही होतो.

'बायोकेमिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारा क्षारांत हे सगळ्यात ठळक दिसते. क्षार सगळे खनिज. पण 6X म्हणजे दहा लाख भागांत एक भाग क्षार, बाकी लॅक्टोज. गोळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर चार-चार गोळ्या तीन वेळा म्हणजे रोज जवळपास सव्वा ग्रॅम दुधाची साखर पोटात जाते. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एवढे सोसते. पण लॅक्टोजसोबत दुधातली प्रथिने आली, तर त्यांची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत हा तत्त्वाचा नव्हे, सुरक्षिततेचा मामला आहे. टॅब्लेट साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट पामतेलाचेही असते आणि चरबीचेही. मलमात लोकरीची चरबी म्हणजे लॅनोलिन किंवा मधमाशीचे मेण, कॅप्सूलला जिलेटिन, तांबड्या रंगात कोचिनिअल किडा. यातले काय आहे आणि काय नाही, हे विचारायचे कोणाला?

द्रव पोटेन्सी घेतली की प्रश्न मिटला, असे बरेच जण सांगतात. पूर्ण खरे नाही. न विरघळणारा पदार्थ, मग तो शिंपला असो की गारगोटी, आधी लॅक्टोजबरोबर खलावा लागतो. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांची रीत अशी: एक भाग औषधाला 99 भाग लॅक्टोज, त्या लॅक्टोजचे तीन हिस्से. पहिला हिस्सा खलात घेऊन सहा-सात मिनिटे घोटायचे, तीन-चार मिनिटे खरवडायचे, पुन्हा तेच. मग दुसरा हिस्सा, मग तिसरा. एका पोटेन्सीला एक तास, 3C पर्यंत तीन तास (C म्हणजे शंभरपट विरळ करण्याची एक पायरी). त्यानंतर ते पाणी आणि अल्कोहोलमध्ये उतरते. लॅक्टोजच का? त्याचे कण कडक असतात, घोटताना औषधाला बारीक करतात, आणि उसाच्या साखरेसारखी ओल धरत नाहीत. म्हणजे सिलिशिया 30 च्या थेंबात दूध शोधून सापडणार नाही, पण ते बनताना दुधाच्या साखरेतून गेलेले असते. 12C च्या पुढे मूळ पदार्थाचा रेणू उरण्याचीही शक्यता नगण्य. तेव्हा प्रश्न बाटलीत काय उरले याचा नाही, ती भरताना काय वापरले याचा आहे. काहींना पहिल्याशी मतलब, काहींना दुसऱ्याशी. दोन ओळी वेगळ्या हव्यात त्या याचसाठी.

नियम होईपर्यंत जाणकार रुग्ण काय करतात, तेही सांगतो. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत 'प्राणिज मूळ नको' की 'दुधाचे माध्यमही नको', हे स्पष्ट सांगतात. औषध स्वतः बदलत नाहीत. कॅल्केरिया कार्बऐवजी कॅल्केरिया फॉस असा अदलाबदलीचा हिशेब होमिओपॅथीच्या शास्त्रात बसत नाही, पर्याय डॉक्टरांनीच लक्षणे पाहून काढायचा. टॅब्लेटऐवजी द्रव पोटेन्सी मागतात, थेंब चमचाभर पाण्यात घेतात किंवा कोऱ्या साखरेच्या गोळ्यांवर घालतात. एक ड्रॅमच्या कुपीत चार-पाच थेंब, बूच लावून हलवायचे, तासभर ठेवायचे. इथे बिघडते ते अल्कोहोलच्या प्रमाणावरून. 90 टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये साखर विरघळत नाही, गोळ्या सुट्या राहतात. पोटेन्सीत पाणी जास्त असले की गोळ्या पाझरतात आणि दुसऱ्या दिवशी कुपीत पांढरा गड्डा होतो. बाटलीवर माध्यमाची ओळ असती, तर हा खटाटोप घरोघरी करावा लागला नसता.

आता कायद्याकडे. औषध नियम, 1945 मधला 106-अ हा नियम होमिओपॅथीच्या लेबलवर काय असावे ते ठरवतो. त्यात औषधात अल्कोहोल असेल तर त्याची टक्केवारी लिहायची तरतूद आहे, उगमाची नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये जीवरक्षक औषधे वगळून इतर औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर शाकाहारी-मांसाहारी खूण असावी, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल रद्द केला. असा नियम करण्याचा आदेश न्यायालयाने देऊ नये, असे त्यामागचे म्हणणे. म्हणजे औषधांच्या बाबतीत चेंडू सरकारकडे आला, आणि तिथेच पडून आहे. दरम्यान खाद्यपदार्थांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये घटक वनस्पतिज की प्राणिज हे, प्रमाण कितीही अल्प असले तरी, सांगायला हवे असे स्पष्ट केले, आणि 2022 मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांचे वेगळे नियमही आले. 'प्रमाण कितीही अल्प असले तरी' हे शब्द होमिओपॅथीला जितके लागू पडतात तितके दुसऱ्या कशाला पडत असतील?

आणखी एक विसंगती. कोकण किनाऱ्यावर 'व्हेल माशाच्या उलटी'ची तस्करी पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तोच पदार्थ अँब्रा ग्रिसिया या औषधाचे मूळ आहे. कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि मॉस्कस हे औषध म्हणजे कस्तुरी. या दोन औषधांचा कच्चा माल कुठून आणि कोणत्या परवान्यावर येतो, हे आपल्या मंत्रालयाने जाहीर करावे.

आरोग्य मंत्रालयाशी बोलून आणि औषध तांत्रिक सल्लागार मंडळापुढे ठेवून 106-अ मध्ये दुरुस्ती करता येईल. लेबलवर जागा नाही, असे कंपन्या म्हणतील. बाटली लहान असते हे खरे आहे. म्हणून मजकूर किती लागेल ते इथेच लिहितो:

मूळ: प्राणिज (कालवाचा शिंपला) व खनिज (गंधक)
माध्यम: अल्कोहोल, 3C पर्यंत लॅक्टोज (दूध)

टॅब्लेट, मलम आणि सिरपवर सर्व साहाय्यक घटक, स्टिअरेट आणि ग्लिसरीन कशाचे यासह. आणि गाझियाबादच्या औषधकोश आयोगाने औषधकोशातली मूळ पदार्थांची यादी मराठी-हिंदीसह भारतीय भाषांत, लॅटिन नावावरून शोधता येईल अशी, खुली करावी. ती माहिती आयोगाकडे आजही छापील आहे.

आपले,
होमिओपॅथीची औषधे देणारे आणि घेणारे काही शाकाहारी व व्हीगन