बाबा, मी जामठ्याला हो म्हणून आले

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा हो हो करून फोन तुझ्या हातात देतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, चष्मा लाव अन वाचून दाखव त्यांना, गाळू नको काही.

परवा मी जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात बाबांच्या उपचाराला हो म्हणून आले. विचारलं नाही. चिडा हवं तर. पण बाबा, तुमचं जे चाललंय ना, "कापाचं त एकदाच कापून टाका, वेचनीच्या आंधी मोकया होतो", तसं नाही होत ते. गाठ पोटाच्या पिशवीच्या भिंतीत खोल आहे, शेजारच्या गाठीही सुजल्यात, पण दूर कुठं गेली नाही, हे डॉक्टर दोनदा बोलले. म्हणून आधी किमो, दर पंधरा दिवसांनी एक अशा चार, मग ऑपरेशन, मग परत चार. आधी दिली की गाठ आक्रसायची शक्यता असते, आणि ऑपरेशननंतर माणूस एवढा थकतो की किमो झेपतेच असं नाही. मी दुसरीकडेही विचारलं, तेही हेच म्हणाले. सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊ घातल्या त्या डॉक्टरचं नाव काढू नका माझ्यासमोर.

पिशवी किती काढायची ते तेव्हाच कळेल. पण जेवण बंद नाही होत बाबा, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, चुन-भाकर पण मिळेल, तिखट कमी.

खोली हॉस्पिटलजवळच बघितली, खाली चहावाला आहे, गॅस आहे, आईला पलंग आहे. मी सुट्टी टाकलीय, नोकरीला काही होत नाही.

लहानपणी हिवतापात मी गोळी थुंकायची, तेव्हा तुम्ही गुळाच्या खड्यात लपवून द्यायचे अन "गूळच हाये" म्हणायचे. मला माहीत असायचं हो.

आता ऐका. खर्रा बंद, शर्टाच्या खिशातलाही. माठाचं पाणी बंद, कोमटच प्यायचं, किमोतलं एक औषध असं आहे की थंड लागलं की बोटं अन घसा झिणझिणतो, म्हणून पहाटे ओल्या पऱ्हाटीत पण नाही जायचं. ताप 100 च्या वर गेला तर रात्री दोनलाही फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. बैलजोडी विकायची नाही, सरकारी योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत होतं, राहिलं ते मी बघते. रेशनकार्ड अन आधार आईच्या पिशवीत, तुमच्याकडे नको, मागच्या वेळचं आठवतं ना.

सोमवारी पहिल्या एसटीनं निघा. काकू धारा काढते म्हणाली. आई, तू स्वतःची बीपीची गोळी विसरू नको. मी स्टँडवर उभी आहे.

तुमची छोटी