पुदिना जमिनीत लावायला सांगताना पुढचंही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा जवळ आला की सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांमध्ये परसबागेचे लेख सुरू होतात आणि त्यात पुदिना हमखास असतो, जुडी आणा, पानं खुडून घ्या, उरलेल्या काड्या मातीत खोचा, झालं. खरंय ते, काड्या लागतातच. पण पुढे काय होतं ते कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

साताऱ्यात आमचं छोटं घर आहे, मागे दहा बाय बाराचं परस. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये चटणीच्या जुडीतल्या पाच-सहा काड्या मी हळदीच्या वाफ्याच्या कडेला खोचल्या. पहिल्या वर्षी खूप कौतुक वाटलं, मठ्ठा काय, पाणीपुरी काय, आळीत सगळ्यांना वाटला. दुसऱ्या पावसाळ्यात तो कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरला, मेथीला तर वर यायलाच जागा ठेवली नाही, आणि जानेवारीत हळद काढायला घेतली तर कंदांभोवती पांढऱ्या दोऱ्याच दोऱ्या, शेवयांपेक्षा जरा जाड, प्रत्येक पेराला बारीक मुळ्या आणि एक हिरवट डोळा. मी आणि सासूबाई दोघी खुरपी घेऊन दोन दिवस बसलो. ओढलं की तुटतं, आणि मातीत बोटाच्या पेराएवढा तुकडा राहिला तरी तो फुटतो, हे आम्हाला नंतर कळलं. तोपर्यंत आम्ही खुरप्याने त्याचे तुकडे करून अख्ख्या वाफ्यात पसरवले होते. मार्चमध्ये पायवाटेची एक लादी बदलायला उचलली तर खालीही तेच जाळं, तिथून सरळ वृंदावनाकडे निघालेलं.

पुदिन्याचा पसारा बियांवर नाहीच, तो या धावत्या खोडांवर आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथॉलच्या तेलासाठी याच कुळातल्या मिंटची मोठी शेती होते, तिथे शेतकरी बी पेरत नाहीत, याच धावत्या खोडांचे तुकडे लावतात. शेतात जे फायद्याचं तेच चार वाफ्यांच्या परसात बाकी सगळ्यांच्या मुळावर येतं. आणि परस आपलं एकट्याचं असतं तर एक वेळ चाललं असतं, आमच्या शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "अगं, हा तुझ्याकडचाच ना गं? माझा शेपू गेला सगळा." मला काय बोलावं कळेना. तणनाशक मार असं दोघा-तिघांनी सुचवलं पण ज्या मातीतलं आपण पोराबाळांना खायला घालतो तिथे मी ते मारणार नाही.

म्हणून लेख लिहिणाऱ्यांना आणि नर्सरीवाल्यांना कळकळीची विनंती, पुदिना कुंडीतच लावायचा हे सांगा, पहिल्याच ओळीत. आणि कुंडी मातीवर ठेवायची नाही, खालच्या भोकातून मुळ्या बाहेर पडून जमीन धरतात, हे आमच्या मावसबहिणीकडे झालंय, तेव्हा खाली फरशी किंवा दोन विटा हव्यात. जमिनीतच हवा असेल तर जुनी बादली बूड कापून पुरा, काठ मातीच्या वर चार बोटं राहू द्या आणि काठावरून लोंबणाऱ्या फांद्या छाटत राहा, त्या मातीला टेकल्या की तिथेच मुळ्या सोडतात. वर्षातून एकदा कुंडी रिकामी करून गड्डा फोडून नव्या मातीत लावला तर पानंही मोठी येतात.

अजून एक, उपटलेलं कृपा करून ओढ्याकाठी नाहीतर मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. डोंगरभर माजलेली घाणेरी आणि नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णी, दोन्ही आपल्याकडे शोभेची म्हणूनच आणली होती. पुदिना त्यांच्याइतका वाईट नाही हे मलाही कळतं, पण ओलसर काठ त्याला फार मानवतो. मी सगळं गच्चीवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवते आणि मगच खताच्या ड्रममध्ये टाकते, कारण ओलं टाकलेलं ड्रममध्येच फुटलं होतं.

काकूंच्या वाफ्यातला मी दर रविवारी स्वतः जाऊन काढतेय, अजून संपलेला नाही.

आपली नियमित वाचक,
सातारा