पाणी सोडणाऱ्या साहेबांनी गावातच रहावं

संपादक साहेब नमस्कार,

मी जालना जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेच्या गावात राहते. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत दहाव्या दिवशी पाणी आलं तेही रात्री दीडला, आणि अर्ध्या तासात चौकात पाईपलाईन फुटली. व्हॉल्व्ह फिरवणारा पोरगा ठेकेदाराचा, गावातलाच, तसाच अनवाणी पळत आला पण व्हॉल्व्ह जाम, पंप बंद करायचा तर पाणीपुरवठ्याच्या साहेबांना विचारावं लागतं आन् साहेब राहायला छत्रपती संभाजीनगरला. फोनवर म्हणाले सकाळी येऊन बघतो. सकाळ म्हणजे साडेअकरा. तोवर टाकी रस्त्यावर रिकामी झाली, आम्ही ड्रम लावून तसेच उभे, परत दहा दिवस जार विकत.

साहेब लोकं सगळे अप-डाऊन, चार वाजले की गाडीची घाई. आणि झाडूवाल्या मावश्या पहाटे पाचला हजर, त्यांना जरा उशीर झाला की खाडा. हे मला बघवत नाही.

खेड्यात निदान कागद तरी लागतो. ९ सप्टेंबर २०१९ च्या जीआरमधे शिक्षक, ग्रामसेवक मुख्यालयी म्हणजे नोकरीच्या गावीच राहतात असा ग्रामसभेचा ठराव मागितलाय, २०२२ ला गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांचा हाच विषय विधानसभेत काढला तर केवढा गदारोळ झाला. पण आमच्याकडं ग्रामसभाच नाही, प्रभाग समिती घटनेप्रमाणे ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरालाच बंधनकारक, मग आम्ही विचारायचं कुठं? घरभाडे भत्ता मात्र दर महिन्याला निघतो.

गावचाच माणूस भरा असं मी म्हणत नाही. नुसतं कुठं राहतो यावरून सरकारी नोकरी नाकारू नये असं घटनेचं कलम १६ सांगतं ते बरोबरच आहे, पण नोकरी लागल्यावर तरी इथं रहा ना. त्यांच्याही अडचणी आहेत, लेकरांच्या शाळा, बायकोची नोकरी दुसरीकडं, म्हणून क्लार्क, टॅक्सवाले करू द्या अप-डाऊन. पाणी, फायर आणि आरोग्य या तिघांना तरी सूट नको.

आमच्या टाकीखाली दोन क्वार्टर आहेत, दारं चोरीला गेलीत, आत बाभळी उगवल्यात. नगर परिषदेनं आधी ती राहण्यासारखी करावीत, चावी साहेबांच्या हातात द्यावी, तरी नाही राहिले तर मग भत्ता बंद करावा.

एक नळधारक, जालना जिल्हा