डिस्कवर काहीही लिहू न देणाऱ्यास

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आई आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासद, एवढ्या ओळखीवर, आमचा सर्व्हर बंद पडला तेव्हा, तुम्ही रात्री-अपरात्री आमचे फोन घेतलेत. त्याबद्दल चारचौघांत लिहायचं राहून गेलं होतं.

त्या सर्व्हरवर जुने दिवाळी अंक होते, तालुक्याच्या छापखान्यांतून निघालेली आणि बंद पडलेली नियतकालिकं होती, संस्थेची मोडीतली इतिवृत्तं होती. स्कॅन करून मूळ कागद ज्याचे त्याला परत दिलेले. काहींचा तर हाताळतानाच भुगा झालेला. ४ टीबीच्या चार डिस्क, त्यावर लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड ५, म्हणजे चारही डिस्क जोडून केलेला एकच साठा, त्यालाच अ‍ॅरे म्हणतात. एक डिस्क गेली तर तो निभावतो, दुसरी गेली की अ‍ॅरे उभा राहत नाही. आमच्या दोन बाहेर पडल्या होत्या.

दुरुस्तीवाला म्हणत होता, “क्रिएट मारतो, होऊन जाईल.” तुम्ही आधी त्याला थांबवलंत. क्रिएट ही अ‍ॅरे नव्याने बांधायची आज्ञा, म्हणजे डिस्कवरची जुनी नोंद पुसून नवी लिहिणं. डिस्कचा क्रम, चंकचा (एकेका डिस्कवर वाटून जाणाऱ्या तुकड्याचा) आकार, डेटा कुठून सुरू होतो ते ठिकाण, यातलं एक जरी चुकलं तरी एमडीअ‍ॅडम (लिनक्सचा रेड सांभाळणारा प्रोग्राम) एकदा ‘हो’ म्हटलं की ती चूक न पकडता चुकीचा अ‍ॅरे बांधतो आणि लगेच एका डिस्कवर पुनर्बांधणीचं लिखाण सुरू करतो. तिथून परत फिरायची सोय नाही.

मग प्रत्येक डिस्कवरचा सीरियल नंबर कागदी टेपवर लिहून चिकटवायला लावलात, कारण एसडीए-एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात. डिस्कवरची नोंद दाखवणाऱ्या एक्झामिन आज्ञेचा सगळा मजकूर मागवून घेतलात आणि त्यातल्या ‘इव्हेंट्स’ या एकाच ओळीवर बोट ठेवलंत. अ‍ॅरेत बदल होत जातात तसा हा आकडा वाढतो. दोन डिस्कचा आकडा एकच, तिसरीचा चारने मागे, चौथीचा हजारोंनी मागे. म्हणजे चौथी केव्हाच बाहेर पडली होती, कुणाला पत्ता नव्हता. तिच्यावरचा माल शिळा, तिला बाजूला ठेवायचं. तिसरी मात्र आत्ताच पडलेली, तिच्यावरच सगळी भिस्त.

ती तिसरी डिस्क मेलेली नव्हती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आम्हाला खरं वाटेना. घरगुती वापराची डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) वाचायला मिनिट-दोन मिनिटं झटत बसते. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट पाहतो आणि तिला रीसेट करायला लागतो. त्या झटापटीत अ‍ॅरे तिला बाहेर काढतो. खराब डिस्क वाचणाऱ्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची नव्या डिस्कवर प्रत काढली. सोपा भाग आधी झाला, अडलेल्या जागी ते पुन्हा पुन्हा जात राहिलं. शेवटी वाचायचा एकही सेक्टर राहिला नाही.

आम्हाला वाटलं, झालं. तुम्ही म्हणालात, अजून नाही. प्रत्येक डिस्कवर ओव्हरले चढवलात: वाचायचं मूळ डिस्कवरून, लिहायचं ते सगळं वेगळ्या फाइलमध्ये. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा माराव्यात तसं. फोर्स लावून, म्हणजे आकडे जुळत नसतानाही, तीन डिस्कचा असेंबल (जुन्या नोंदीवरूनच जोडणी) आधी त्या कागदावर करून पाहिला, फाइलींची मांडणी तपासणारं एफएससीके नुसतं तपासायच्या पर्यायाने चालवलं, मग रीड-ओन्ली माउंट, म्हणजे नुसतं वाचण्यापुरतं उघडणं. एक अंक उघडला, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातला वाचनालयाचा जांभळा शिक्का दिसला. तरी तुम्ही आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायला लावलंत आणि त्यानंतरच खऱ्या डिस्कना हात लावू दिलात. त्या वेळी मनातल्या मनात तुम्हाला चिकट म्हटलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

सर्व्हर सुरू होताना लिनक्सने त्या डिस्कची वाट पाहायची मुदत १८० सेकंद करणारी ओळ घातली आहे. डिस्क पडली की चिटणिसांना ईमेल जातो. दुसरी प्रत शाळेच्या कपाटात असते.

मानधनाचा विषय काढला की तुम्ही दर वेळी फोन आवरता घेता. निदान पत्ता तरी कळवा. यंदाचे दिवाळी अंक पाठवायचे आहेत. आईंना नमस्कार सांगा.

आपला,
ग्रंथपाल