केस नसले तरी निगा चुकत नाही

महोदय,

केस गळत नाहीत, वास येत नाही, दम्याच्या माणसालाही चालतो, अशी बिनकेसाच्या कुत्र्याची ख्याती ऐकून पुण्या-मुंबईचे तीन-चार परिचित वर्षभरात मला असे पिल्लू कुठे मिळेल म्हणून विचारून गेले. मी आठ वर्षे मेक्सिको सिटीत राहते आणि सहा वर्षांपासून आमच्या घरी काजळ ही शोलो या बिनकेसाच्या मेक्सिकन जातीची कुत्री आहे. त्या अनुभवावरून सांगते, की ही ख्याती निम्म्याहून अधिक चुकीची आहे आणि केवळ तिच्या भरवशावर प्राणी घरी आणणे त्या मुक्या जीवावर अन्याय करणारे आहे.

शोलोइत्सकुइन्त्ली हे या जातीचे पूर्ण नाव. शोलोत्ल हा इथला प्राचीन देव आणि इत्सकुइन्त्ली म्हणजे नाहुआत्ल या इथल्या जुन्या भाषेत कुत्रा. अंगावर केस नसल्याने हात लावताच ऊब जाणवते, त्यामुळे सांधेदुखीवर ही कुत्री शेकायला घेण्याची जुनी समजूत इथे आहे. प्रत्यक्षात तिचे तापमान इतर कुत्र्यांइतकेच असते, फक्त मध्ये केसांचा थर नसतो. तोच थर नसल्याने ऊन, थंडी आणि ओरखडे थेट कातडीवर येतात. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवर असल्याने हवा गार वाटली तरी ऊन प्रखर असते. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी तासभर बागेत फिरवल्यावर काजळच्या छातीवरचा गुलाबी डाग लालभडक झाला आणि चार दिवसांनी तिथले साल निघाले. तेव्हापासून ती सुती अंगरख्याशिवाय उन्हात जात नाही, आणि तिला लावायचे मलम झिंक ऑक्साइड नसलेलेच घ्यावे लागते, कारण कुत्रे अंग चाटते आणि जस्त पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते.

दुसरी चूक माझ्या मराठी सवयीची. कातडी कोरडी वाटली म्हणून मी तिला खोबरेल चोळले आणि आठवड्याच्या आत पाठभर पुटकुळ्या उठल्या. जड तेलाने रंध्रे बुजतात. आता दर रविवारी सौम्य साबणाने आंघोळ घालून मणक्याच्या कडेने बोट फिरवते; रव्यासारखे कण हाताला लागले, तर न दाबता ओल्या खरबरीत कापडाने हळूच पुसते.

ॲलर्जीविषयी तर स्पष्टच लिहायला हवे. त्रास मुख्यत्वे केसांमुळे होत नसून कुत्र्याची लाळ, मूत्र आणि कातडीचा कोंडा यांतील प्रथिनांमुळे होतो, आणि ती बिनकेसाच्या कुत्र्यातही असतात. नाशिकहून आलेला माझा भाचा तिसऱ्या दिवशी डोळे चोळत बसला होता. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि अशा कुत्र्याच्या सहवासात त्याला काही दिवस काढू द्यावेत.

काजळच्या तोंडात पुढच्या दाढा नाहीत, पुढचेही तीन दात पडले आहेत. हे आजारपण किंवा हयगय नव्हे. मेक्सिकन (म्हणजे शोलो), पेरुव्हियन आणि चायनीज क्रेस्टेड या तिन्ही बिनकेसाच्या जातींत केस नसण्याचे कारण एकाच जनुकातील बदल आहे, हे 2008 मध्ये सिद्ध झाले. तोच बदल दातांवरही परिणाम करतो, आणि आईबाप दोघांकडून मिळाल्यास पिल्लू गर्भातच दगावते. म्हणून जिवंत असलेल्या प्रत्येक बिनकेसाच्या पिल्लात तो एकाकडूनच आलेला असतो आणि एकाच विणीत केसाळ भावंडेही जन्मतात. अमेरिकन हेअरलेस टेरियर या आणखी एका बिनकेसाच्या जातीचे जनुक वेगळे आहे, त्यामुळे त्याचे दात शाबूत असतात.

काजळच्या विणीत अशी दोन केसाळ पिल्ले होती. ती कोणी घेत नाही, असे विकणाऱ्याने सहज सांगितले आणि मीही तेव्हा पुढे काही विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते. ज्यांना खरोखरच या जातीची ओढ आहे, त्यांनी विणीतली सगळी पिल्ले दाखवायला सांगावे आणि त्यांतल्या केसाळ पिल्लाचा आधी विचार करावा. रक्त तेच, दात बहुधा पूर्ण, आणि नागपूरच्या उन्हात किंवा कोकणच्या दमट पावसात त्याची कातडी उघडी पडणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक, मेक्सिको सिटी (मूळ नाशिक)