नुसतं ‘पाऊण इंच’ छापून काय कळणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायला लागलं की आमच्या सिडको-इंदिरानगरकडे टाकीच्या लाईनला फिल्टर बसवायची लाट येते आणि हल्ली तो डबा बहुतेक जण ऑनलाईनच मागवतात. आमच्या बिल्डिंगमधेही यंदा मागवला, खोक्यावर नुसतं ‘पाऊण इंच’. प्लंबरने निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा) फिरवला, दोन-तीन आटे छान गेले, मग अडकला, टेफ्लॉन टेप अजून गुंडाळून पान्याने आवळला तर प्लास्टिकच्या तोंडाला बारीक चीर. बोलणी अर्थातच प्लंबरला.

पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? आपल्याकडच्या फिटिंगला बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे आटे असतात आणि तो डबा निघाला एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हीकडे इंचाला १४ च आटे, त्यामुळे हाताला फसवतं, फरक आहे तो आट्याच्या कोनात, आपला ५५ अंश, त्यांचा ६०, म्हणून बसल्यासारखा वाटतो आणि फटीतून पाणी झिरपत राहतं. एक इंचीला बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा, तिथे जरा लवकर लक्षात येतं. त्यात तळमजल्यावाल्यांचं जास्त मरण, कारण टाकीपासून दहा मीटर खाली साधारण एक किलो प्रेशर, वरच्या मजल्यावर कोरडा दिसणारा जॉइंट खाली टपटपतो.

बरं, पट्टीने मोजावं तर अर्धा इंची निपल बाहेरून जवळपास २१ मिमी भरतो, लोक पाऊण इंची समजून घेऊन येतात. जुना तुकडाच दुकानात न्यावा हे बरं. आणि जिथे आत वॉशर आहे, हेल्थ फॉसेटचा पाइप वगैरे, तिथे पाणी वॉशरच अडवतो, आट्यांवर टेप गुंडाळून काही होत नाही, तरी सगळे गुंडाळतातच!

खोक्यावर एमआरपी छापता, माल कुठल्या देशाचा ते छापता, मग बीएसपी की एनपीटी एवढी तीन अक्षरं छापायला काय जातं? आणि परत करायला गेलं की ‘वापरलेला माल’ म्हणून नाकारतात ते तरी बंद करा, आटे बसतायत की नाही हे फिरवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणार कसं?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक