तलवार आणि मतदानाचं कार्ड

बर्न

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळायला १९७१ साल का उजाडलं, असं तू विचारलं होतंस. लोक जुन्या वळणाचे होते एवढ्यावर भागत नाही, खरी मेख पद्धतीत होती. इथे राज्यघटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं. त्यात मतदारांचं बहुमत हवं आणि कँटनांचंही, म्हणजे इथल्या राज्यांचं. मतदार मात्र सगळे पुरुष! ज्यांनी हक्क अडवून धरला, त्यांच्यापुढेच हात पसरायचा.

बायका गप्प नव्हत्या गं. १९२८ मध्ये बर्नच्या मिरवणुकीत त्यांनी भलीमोठी गोगलगाय नेली, आपला हक्क किती वेगाने येतोय ते दाखवायला. पुढच्या वर्षी जवळजवळ अडीच लाख सह्यांचा अर्ज दिला. तरी १९५९ च्या सार्वमतात ६७ टक्के पुरुषांनी नकारच दिला. विरोधाच्या प्रचारात बायकांच्याही समित्या होत्या, ते वाचताना जीव तुटतो. पण त्याच दिवशी व्हो कँटनने आपल्यापुरता हक्क देऊन टाकला आणि वाट सापडली: एकेक कँटन गाठायचं. १९६९ मध्ये बायकांच्या मताचा मुद्दा वगळून युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायचा सरकारचा बेत होता. तेव्हा हजारो बायका संसदेसमोर शिट्ट्या वाजवत उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी ६६ टक्के पुरुष हो म्हणाले.

तो हक्क देशाच्या मतदानापुरता. कँटनचा कारभार वेगळा, आणि आपेनझेल इनररोडेन हे कँटन तिथेच अडून बसलं. तिथे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात सभा भरते. पुरुषाच्या कमरेची तलवार ही मतदार असल्याची खूण. हात वर करून मत द्यायचं, बहुमत नजरेने ठरवायचं. मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. मत गुप्त नाही, शेजारी बघतोय, मग मनातून राजी असलेल्याचाही हात जड होतो. १९७३, १९८२, १९९०, तिन्ही वेळा नकार.

शेवटी बायका कोर्टात गेल्या. २७ नोव्हेंबर १९९० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की समान हक्काचं कलम १९८१ पासून देशाच्या घटनेत आहे, तेव्हा कँटनच्या घटनेतल्या 'नागरिक' या अर्थाच्या शब्दांत बायका धरायच्याच. सभेची मंजुरी लागलीच नाही. १९९१ च्या एप्रिलमध्ये बायका त्या चौकात उभ्या राहिल्या. पुरुषांकडे तलवार असते, बायका मतदानाचं कार्ड दाखवून आत जातात.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझी भाची